देवीकडे मशीन कुठलं

वरची वाडी, देवरूख
संक्रांतीचा दुसरा दिवस

मृणाली,

आशीर्वाद शेवटी लिहीन, जागा उरली तर. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी "आजी, ऐक ना" करत मध्ये घुसतेस आणि माझं बोलणं अर्धं राहतं. कागदाला मध्ये बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला. शाळा माझी तिसरीपर्यंत, ऱ्हस्व-दीर्घ तुझं तू लावून घे. पत्र सानवी पोस्टात टाकेल. तुझा विनीतकाका सध्या तुझं नाव काढलं की ताटावरून उठतो, म्हणून तिला सांगितलंय की बापाला कळू देऊ नको. म्हणजे एव्हाना तिने सांगितलंच असेल.

दिवाळीत तू फराळाचं ताट अर्धं टाकून पुण्याला निघून गेलीस ते बरं केलं नाहीस. चकल्या यंदा चांगल्या झाल्या होत्या. मी काय बोलले ते माझ्या लक्षात आहे. आमचे आवाज विकलेस असं बोलले, चारचौघांत बोलले. ते मागे घ्यायला हे पत्र नाही. पत्र कामाचं आहे.

काम असं. गेल्या शिमग्याच्या आधी तू आणि तुझी ती पुण्याची मंडळी आवाज भरून घ्यायचं यंत्र घेऊन आलात. तुम्हाला गेम करायचा होता. त्यात राही नावाची पोर कंदील घेऊन रान ओलांडते आणि प्रत्येक गावच्या शिवेवर तिथला राखणदार तिला अडवतो, गाऱ्हाणं घातल्याशिवाय पुढे सोडत नाही. तुम्हाला गाऱ्हाणं खरं हवं होतं, नाटकातलं नको होतं. गावकर म्हणून मान काशीरामचा. त्याला झाडाखाली बसवलंत तर तो फेटा बांधून आला आणि देवीला सोडून तुझ्या यंत्राशीच बोलायला लागला, निवडणुकीला उभा असल्यासारखा. शेवटी तू मला म्हणालीस, आजी, तूच म्हण. बाईने गाऱ्हाणं घालायचं म्हटल्यावर गावात कुजबुज झाली. म्हणून काशीरामने देवीला फूल लावून कौल मागितला. तू माझ्या शेजारीच उभी होतीस, ऐकलंस. ह्या वस्तूचा पहिला मान तुला देऊ, तेवढ्यावर बाईचं गाऱ्हाणं चालत असेल तर उजवं दे, नसेल तर डावं दे. असा कौल घेण्याआधी काशीरामने माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. फूल उजवं पडलं. मग मी गाऱ्हाणं घातलं, सगळ्या वाडीने मागून "व्हय महाराजा" म्हटलं, आणि ते सगळं तू डबीत भरून नेलंस.

आता तुझ्या काकाचं ऐक. बाजारात मोबाईल दुरुस्त करतो आणि मागच्या खोलीत गेमचं पांढरं मशीन लावून कॉलेजच्या पोरांना तासावर खेळायला देतो, हे तुला माहीत आहे. समोर सदूने तसंच दुकान काढलंय, त्याच्याकडे दुसऱ्या कंपनीचं काळं मशीन. तू पांढऱ्यावर येणार म्हणाली होतीस. म्हणून विनीतने गणपतीतच दुकानावर फ्लेक्स लावला, "आपल्या मृणालीचा गेम, फक्त आमच्याकडे". सोबत तुझा बारावीचा फोटो, दोन वेण्यांचा. दिवाळीत तू येऊन सांगितलंस की काळ्या मशीनच्या कंपनीने गेम घेतला आणि वर्षभर तो त्यांच्याच मशीनवर राहणार. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. तो मी लाकडांवर घातलाय. तुझ्या तोंडाखाली काजूची लाकडं कोरडी राहतात. आणि परवापासून सदूच्या दुकानावर नवीन फ्लेक्स आहे, "गावच्या लेकीचा गेम, फक्त आमच्याकडे". सदू आपल्या गावचाही नाही.

सानवी म्हणते गेम होळीनंतर बाहेर पडणार. तर देवीचा पहिला मान कसा द्यायचा ते लिही. काशीराम विचारेल तेव्हा मला उत्तर हवं. मान मी हलवली होती, तू नव्हे.

जागा उरली नाही.

आजी


माघी पौर्णिमा

मृणाली,

तुझा निरोप सानवीच्या फोनवर आला. पत्राला पत्राने उत्तर द्यायला हात दुखतो वाटतं. सानवीने तीनदा वाचून दाखवला तेव्हा कुठे कळला.

तू म्हणतेस, गेमला डबा नसतोच, तो इंटरनेटवरून मशीनमध्ये उतरतो. आणि ठरल्या तारखेच्या आधी कुणाला दाखवता येत नाही, तशी तुमची सही आहे. तारीख ज्या देशात आधी लागते तिथे तो आधी उघडतो, आणि सगळ्यात आधी ती न्यूझीलंडात लागते. म्हणजे पहिला मान न्यूझीलंडचा. बरं झालं सांगितलंस. हे मी काशीरामला कसं सांगायचं ते नाही सांगितलंस.

मी सानवीला विचारलं, ही दोन मशीनं, त्यांच्यात फरक काय. म्हणाली, तसा फारसा नाही. मग भांडण कसलं? तर म्हणाली, मशीन कंपनी स्वस्तातच विकते, कधी पदरचे घालून पण विकते. एकदा ते घरात शिरलं की पुढचे सगळे गेम त्यांच्याच दुकानातून घ्यावे लागतात, खरी कमाई तिथे. म्हणून लोकांनी आपलंच मशीन घ्यावं ह्यासाठी चांगला गेम दिसला की करणाऱ्याला पैसे देऊन अडवून ठेवायचा, दुसऱ्याच्या मशीनवर जाऊ द्यायचा नाही. सानवी हे हळूहळू समजावून सांगत होती, मला जड जाईल म्हणून. मी तिला म्हटलं, पोरी, माझा जन्म आंब्यात गेला.

मोहोर यायच्या आधी व्यापारी येतो आणि बाग कराराने घेतो. फवारणी त्याची, राखण त्याची, पेट्या त्याच्या. पेटीवर नाव पण त्याचंच. त्या वर्षी झाडाखाली आपोआप पडलेला आंबासुद्धा घरच्या पोराने उचलायचा नसतो. तुझ्या बापाला, अनिलला, लहान असताना मी एकदा त्याच्यावरून चोपला होता. आंबा आपल्याच झाडाचा होता. व्यापारी पायरीवर बसून चहा पीत होता, त्याच्यासमोर चोपला. मग व्यापारीच म्हणाला, राहू दे वहिनी, खाऊ दे त्याला. तो आंबा अनिलने खाल्ला नाही, गुरांपुढे टाकला. अजून तसाच आहे तो, तू त्याच्यावर गेलीस.

पण व्यापारी नसता तर त्या वर्षी फवारणी कुणी केली असती? हे पण आहे.

मग मी विनीतला विचारलं की तुम्ही ह्या कंपनीच्या हाती लागलात कसे. तुझा काका रागावलेला असला तरी खोटं बोलत नाही. म्हणाला, तुमचे पैसे पावसाळ्यातच संपले होते. तुझी स्कूटर गेली. तुमच्यातली एक मुलगी सामान बांधून आईकडे साताऱ्याला गेली होती, ती ह्या करारानंतर परत आली. हे तू मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी काय देणार होते, फणस. तरी सांगायला हवं होतंस.

तेव्हा दिवाळीतलं बोलणं एवढं दुरुस्त करते. विकलं नाहीस, वर्षाच्या कराराने दिलंस. करार संपला की बाग आपली. हे मला समजलं. काशीरामला समजेल असं नाही. त्याच्याकडे बाग नाही.

आजी


महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

मृणाली,

काल सहाणेवर, पालखी बसते त्या चौथऱ्यावर, शिमग्याची बैठक झाली. पालखी कुठल्या दिवशी कुठल्या घरी ते तिथे ठरतं. मी कधी जात नाही, काल बोलावणं आलं म्हणून गेले.

काशीरामने सगळ्यांदेखत विचारलं, पहिल्या मानाचं काय. मी खरं ते सांगितलं. डबा नाही, वस्तू हवेतून येते, आणि न्यूझीलंडात आधी उघडते. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, न्यूझीलंडात देवी कुठली? कुणी हसलं नाही. सगळे खरंच विचार करायला लागले. दादू गुरव म्हणाला तिकडे मेंढ्या फार आहेत. त्याने ते कुठे ऐकलं कोण जाणे.

मग काशीराम बोलला ते तसंच लिहिते. "काकी, तुझ्यावर राग नाय माझा. पण कौल मी लावलेला हाय. पहिला मान तुझा, असं मी देवीला माझ्या तोंडानं सांगितलं. तो मान आता बाजारात सदूच्या दुकानात जाणार असंल, तर तिला खांद्यावर घेऊन तुझ्या अंगणात मी कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?"

म्हणजे यंदा पालखी आपल्या घरी थांबणार नाही. दादूच्या घरावरून सरळ खाली उतरणार. पालखी निघाली आणि आपल्या घरी थांबली नाही, असं मी लग्न होऊन आले तेव्हापासून झालेलं नाही. तुझे आजोबा गेले त्या वर्षी सुतक होतं, तेव्हासुद्धा ती अंगणाच्या गडग्यापाशी उभी राहून गेली होती.

मी त्याला म्हटलं, "काशीराम, मान म्हणजे काय ते तू मला सांगू नको. खालच्या वाडीशी पालखीच्या मानावरून तुम्ही कोर्टात गेलात, तेव्हा देवीची रूपं, सगळे मुखवटे, पेटाऱ्यात कुलूप लावून पडले होते. शिमगे आले नि गेले. तेव्हा तिचा मान कुठल्या वकिलाकडे ठेवला होता?"

खरं ते बोलले. पण बोलायला नको होतं. आपल्या बाजूने बोलणारे दोघे होते, ते कोर्टात साक्षीला गेलेले. तेही उठून काशीरामच्या बाजूला जाऊन बसले.

घरी आले. विनीत जेवला नाही. म्हणाला, सदूच्या दुकानापायी आपलं घर पालखीतून गेलं. सानवी रडली. मी काजू फोडत बसले. तसं काही बिघडत नाही, ओटीचा खण वाचला, नारळ वाचला. अंगण मात्र आज सारवून घेतलं, शेण पडून होतं वाया. समया पण घासल्या, चिंच जुनी झाली होती ती संपवायला हवी होती.

आता तू एक कर. तुझ्या कंपनीत पण कुणी काशीराम असेलच, ज्याच्या मान हलवण्यावर सगळं अडतं. त्याला विचार. म्हणावं, दाखवू नका, खेळायला देऊ नका, तुमची तारीख मोडू नका. पण देवीपुढे ठेवता येईल, हातात धरता येईल असं काहीतरी द्या, न्यूझीलंडच्या आधी. विचारायला लाज वाटत असेल तर माझं नाव सांग. आजी खाष्ट आहे म्हणावं. खोटं नाही ते.

आजी


फाल्गुन शुद्ध पंचमी

मृणाली,

कुरिअरवाला आला. बाजारापर्यंतच येतो म्हणत होता, सानवीने त्याला घरापर्यंत आणला. कार्ड मिळालं. काळं, जाड, पत्त्याच्या पानाएवढं. मागे चंदेरी पट्टी. पट्टी खरवडली की खाली आकडे आणि अक्षरं आहेत, ती काळ्या मशीनमध्ये घातली की गेम उतरतो. एकदाच. तारखेच्या आधी घातली तर उतरत नाही, आणि पांढऱ्या मशीनला ती भाषा कळत नाही. सानवीने समजावलं तसं लिहिलंय.

सानवी असंही म्हणाली, की तू कंपनीच्या बाईला इंग्रजीत कळवलंस की गावच्या देवीला एक द्यायचं आहे, आणि तिने उलट विचारलं की ह्या देवीचे फॉलोअर किती. तू म्हणे लिहिलंस की मोजलेले नाहीत, पण कुणी सोडून जात नाही. आणि बाईने कार्ड दिलं. हे खरं की सानवीने रचलंय ते मला कळवू नकोस. मी बाजारात चौघींना सांगून बसले आहे.

कार्ड घेऊन मी काशीरामकडे गेले. त्याने ते उन्हात धरलं, उलटंसुलटं केलं, वास घेतला.

"हे रिचार्जचं कार्ड हाय," म्हणाला.

मी म्हटलं, तसंच समज.

"मग ह्याच्यात गेम हाय कशावरनं?"

मी म्हटलं, मृणालीने पाठवलंय म्हणून. तर त्याचं म्हणणं पडलं की तारीख लागली की कार्ड सहाणेवर उघडायचं. देवी पालखीत बसलेली असेल, गाव समोर असेल, सगळ्यांनी बघायचं, मग मान पावला. बोलायला सोपं. पण काळं मशीन गावात कुणाकडे नाही. बाजारात आहे ते सदूकडे.

सदूला कुठून कळलं कोण जाणे, संध्याकाळी स्वतः आला. पायातल्या चपला बाहेर काढून बसला, चहा घेतला. म्हणाला, काकी, मशीन मी घेऊन येतो, मोठा टीव्ही पण आणतो, टेम्पो माझाच आहे, पैसे नकोत. सदू वाईट नाही. हुशार आहे. विनीत आतून सगळं ऐकत होता. बाहेर येऊन म्हणाला, आज मशीन आणशील, पुढच्या वर्षी मानाचा नारळ मागशील. सदू म्हणाला, तुझी पुतणी आहे, तुझ्या मशीनवर का नाही आणलीस मग. त्यावर विनीतने त्याच्या मशीनच्या कंपनीला शिव्या घातल्या, सदूने विनीतच्या. दोघांपैकी एकाही कंपनीने ह्यांना कधी चहा पाजलेला नाही. तरी माझ्या ओटीवर जावयांची बाजू घेतल्यासारखे भांडले.

मी कार्ड देवापुढे डब्यात ठेवलंय. पट्टी खरवडलेली नाही. काशीराम सकाळ-संध्याकाळ येऊन बघून जातो, कुणी हात लावला का. पहिल्यांदाच रोज येतोय तो ह्या घरी, म्हणून चहाला गूळ जास्त लागतो.

पालखीचं अजून नक्की नाही. होळी झाली की सकाळी देवळात ठरेल. तू यावंस असं मी म्हणत नाही. तुझी तारीख जवळ आलीये, तुला कामं असतील.

आजी


होळीचा दुसरा दिवस

मृणाली,

सकाळी देवळात काय झालं ते सांगते. परवा तुझी तारीख, म्हणून आजच लिहायला बसले.

पालखीला रूपं लागली होती, ढोल बाहेर उभे होते. सदूचा टेम्पो पिंपळाखाली उभा, आत टीव्ही गोधडीत गुंडाळलेला. त्याच्याभोवती गावची सगळी पोरं. काशीराम म्हणाला, परवा उघडायचं तर मशीन सहाणेवर आजच मांडून ठेवू. विनीत म्हणाला, मांडलंत तर पालखीला माझा खांदा नाही. त्याच्या बाजूने तीन-चार उठले. सदूच्या बाजूने पोरं. आणि हे सगळं देवीसमोर, तिचे डोळे उघडे.

मला बायकांच्यात बसायचं होतं, मी पुढे गेले. म्हटलं, "काशीराम, देवीकडे मशीन कुठलं? काळं की पांढरं?"

तो म्हणाला, "काय बोलतेस काकी? देवीकडे कसलं मशीन."

म्हटलं, "मग कार्ड तिचं, आणि उघडायची घाई तुम्हाला का? देवरहाटीच्या राईतली झाडं तिची. त्यांचं कुणी फळ खाल्लं, काटकी मोडली, तेव्हा तो तिला मान झाला का? कुणी हात लावत नाही, हाच तिथला मान. कंपनीने वर्षभर अडवून ठेवलंय, कारण तिला पैसे काढायचे आहेत. देवीने कायमचं अडवून ठेवलं तर कोण विचारणार? हे एक कार्ड जगात कुणाच्याही मशीनवर जायचं नाही. न्यूझीलंडच्या आधी आलं आणि तिच्यापाशीच राहिलं. ह्याच्यापेक्षा मोठा मान मला तरी माहीत नाही. तुला माहीत असेल तर सांग."

दादू गुरव हळूच म्हणाला, बरोबर आहे. तो सहसा बोलत नाही, त्यामुळे लोकांनी ऐकलं.

काशीराम म्हणाला, मी ठरवणार नाही, ती ठरवेल. फूल लावलं. न उघडता पावलं असेल तर उजवं दे, उघडून हवं असेल तर डावं दे. आणि फूल अडकून बसलं. हलेना. ढोलवाले बाहेर विड्या ओढायला गेले. सदूने टेम्पोचं इंजिन बंद केलं. काशीराम पुन्हा पुन्हा सांगत होता, आई, लेकरं खोळंबलीत, आता लवकर सांग. मी खाली बसले. पाय दुखत होते. मनात मी काही म्हणत नव्हते, लोक नंतर विचारत होते म्हणून सांगते.

उजवं पडलं.

कार्ड पालखीत रूपांच्या मागे ठेवलं, पट्टीसकट. पोरांची तोंडं पडली. ती परवा सदूच्या दुकानात जाऊन खेळतीलच, त्यामुळे सदूचं काही बुडालं नाही. पण टेम्पो परत न्यायला लागला म्हणून तो थोडा हिरमुसला. त्याला विनीतने स्वतः प्रसादाचा द्रोण नेऊन दिला.  सदूने दोन्ही हातांनी घेतला.

मग काशीरामने पालखीचे दिवस मोठ्याने सांगितले. आपल्या घराचं नाव दादूच्या नंतर, नेहमीच्या जागी.

आजी


पालखी आली त्या दिवशी

मृणाली,

हे पोस्टात टाकत नाही. सानवी फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवेल. कारण खाली आहे.

आज तुझा गेम सगळीकडे निघाला. आणि आजच दुपारी कलताना पालखी आपल्या अंगणात आली. नाचवली चांगली, विनीत खांद्याला होता. सानवीने पाय धुतले. गर्दी होती, मुंबईवाले सगळे आलेले. तुझा बाप पण आला, एकटाच, रात्रीच्या गाडीने परत जाणार आहे. तू आलीयेस का हे त्याने मला विचारलं नाही, पण घरात सगळ्या खोल्या फिरून आला.

काशीरामने गाऱ्हाणं घातलं. फेटा नव्हता, यंत्र नव्हतं, त्यामुळे नीट घातलं. मी पाठ केलं, कारण तुला लागेल. तुमच्या गेममध्ये घालू नका, हे तुझं आहे.

"हे आई वाघजाई, आज ह्या मथुरेच्या अंगणात तू उभी हायस. हिची नात मृणाली पुण्याला हाय. तिनं तुझ्या लेकरांचे आवाज घेऊन जी काय वस्तू केली, तिचा पहिला मान तुला पावला. आता ती वस्तू न्यूझीलंडापासनं हितवर जिथं जिथं जाईल, तिथं तिथं शिवेवर तू उभी ऱ्हा. कोण आडवा आला तर त्याला बाजूला कर. केलेला करार सुखानं पुरा होऊ दे. आणि वर्ष सरलं की ती सगळ्यांच्या घरी येऊ दे, पांढऱ्या मशीनवर पण येऊ दे, महाराजा."

सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. विनीतने सगळ्यात मोठ्याने म्हटलं. तुझ्या बापाने पण म्हटलं. त्याचा आवाज सगळ्यांच्या मागाहून, एकटाच ऐकू आला.

काशीराम जाताना मला म्हणाला, पोरीने यायला हवं होतं. मी सांगितलं, आज तिच्या कामाचा दिवस आहे, सगळ्या जगाला दरवाजा उघडून द्यायचा असतो तिला. तो म्हणाला, व्हय, ते पण हाय.

पालखीच्या नारळाची एक कवड तुझ्या नावाने काढून ठेवली आहे. फ्रिजमध्ये ठेवली तरी ओलं खोबरं फार दिवस राहत नाही, बुळबुळीत होतं. येत्या रविवारपर्यंत ठेवीन. रविवारी दुपारपर्यंत तू दारात दिसली नाहीस तर मी त्याची चटणी करीन आणि विनीतला वाढीन. तो आजपासून ताटावरून न उठता जेवायला लागलाय.

आजी